काकू पोळी भाजते

१० जुलै

आज पालकसभा आटोपली तरी एक आई मागे थांबली. सगळे गेल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, रागावू नका, पण आमचा लेक घरी 'काका'ले 'कांकां' म्हणून राहिला. 'पाटी'ले 'पांटी'. आम्ही टोकलं तर म्हणते, मॅडम असंच शिकवतात."

मी "बघते" म्हटलं आणि हजेरीपट उघडून बसले. घरी येईपर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

मी गेंगाणी बोलते हे मला ठाऊक आहे. शाळेत असताना मुलं ऐकवायची, कॉलेजात मागून नक्कल व्हायची, आणि फोनवर नवखा माणूस आजही पहिला प्रश्न "सर्दी झाली का?" हाच विचारतो. आई म्हणायची, देवानं दिलेला आवाज आहे, नावं ठेवू नये. मीही ते धरून चालले. पण तेव्हा तो आवाज माझ्यापुरता होता. आता तो एका सहा वर्षांच्या पोराच्या तोंडी गेला आहे.

बारा वर्षं झाली पहिलीला वर्णमाला शिकवते. क ख ग घ ङ, च छ ज झ ञ. प्रत्येक वर्गातलं पाचवं अक्षर तेवढं नाकातलं, बाकीची चार तोंडातली. ट ठ ड ढ म्हणताना नाकाला काही काम नाही, ण आला की नाकाचं दार उघडायचं. किती सुंदर मांडणी आहे ही! आणि मी मात्र पंचवीसच्या पंचवीस अक्षरं नाकातून वदवून घेतली.

१४ जुलै

धंतोलीत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. आधी मेडिकललाच, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, जाणार होते, पण सकाळची शाळा असली की ओपीडीची वेळ जमत नाही.

त्यांनी आधी नुसतं बोलायला लावलं. मग नाक चिमटीत धरून 'ईईई' म्हणायला सांगितलं, नाक सोडून पुन्हा 'ईईई'. दोन्ही वेळा आवाज वेगळा आला. डॉक्टर म्हणाले, स्वर म्हणताना हवा नाकातून जात नसेल तर नाक धरल्यानं काही फरक पडायला नको. फरक पडतो, म्हणजे हवा गळते आहे. मग 'मामी' म्हणवून घेतलं. नाक धरलं की ते 'बाबी' होतं, आणि ते सगळ्यांचंच होतं.

इथे माझा जन्माचा एक गैरसमज गेला. सर्दीत जो आवाज बिघडतो तो नाक बंद झाल्यामुळे. तिथे म चा ब होतो, न चा द होतो, नाकातून जायला हवी ती हवा जातच नाही. माझं नेमकं उलट आहे. जिथे जायला नको तिथेही हवा नाकात जाते. लोक दोन्हींना गेंगाणंच म्हणतात, पण दोन्हींचे उपाय वेगळे. आणि मी काय करत होते? वाफ, ज्येष्ठमध, नाकात तूप. सगळे उपाय बंद नाकाचे, आणि माझं नाक तर उघडंच होतं.

त्यांनी तोंडात बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं. पडजीभ दुभंगलेली आहे का, टाळूच्या मधोमध निळसर पातळ रेघ आहे का. मग हातमोजा घालून बोटानं टाळूची मागची कड चाचपली. काही जणांना वरून कातडी शाबूत असते, पण आतले स्नायू जुळलेले नसतात. ती झाकलेली दुभंग टाळू. तसं असेल तर बहुधा व्यायामानं भागत नाही, शस्त्रक्रिया लागते. मला तसं काही नव्हतं. मग नाकात सुन्न करणारा फवारा मारून बारीक दुर्बीण घातली. दुखलं नाही, डोळ्यांतून पाणी मात्र आलं.

पडद्यावर मी माझी मऊ टाळू पहिल्यांदा पाहिली. 'पापा', 'टाटा', 'सीसी' म्हटलं की ती वर उचलली जाऊन घशाच्या मागच्या भिंतीला घट्ट टेकत होती. लांब 'आ' लावला की अर्धवटच उठायची, फट राहायची आणि फटीत बुडबुडे दिसायचे. "दार शाबूत आहे," डॉक्टर म्हणाले, "ते पूर्ण लावायची सवय नाही."

नऊ वर्षांची असताना नाकामागच्या गाठींचं, ॲडेनॉइडचं, ऑपरेशन झालं होतं, हे मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. त्या गाठी काढल्यावर मागे जागा मोकळी होते, आणि काही मुलं काही आठवडे नाकातून बोलतात. बहुतेकांचं आपोआप सुधारतं. माझं तेव्हाच तसं राहून गेलं असेल का, हे आज छातीठोकपणे सांगता येणार नाही असं ते म्हणाले. मला त्यांचं हे सरळ बोलणं आवडलं.

कानांची तपासणी करून घ्या, असंही चिठ्ठीत लिहिलं. स्वतःचं नीट ऐकू येत नसेल तर बोलणं सुधारायचं कसं? कान ठीक निघाले.

२६ जुलै

उपचाराचा पहिला शनिवार. सुभाषनगरहून मेट्रोनं झाशी राणी चौक, तिथून ऑटोनं रामदासपेठ. पावसात अंबाझरी भरून आलं होतं, खिडकीतून पाहत गेले.

वाचा-उपचार करणाऱ्या ताई माझ्याहून लहान आहेत. भिंतीवर भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीचं प्रमाणपत्र लावलेलं. नणंदेनं बजावलं होतं, तेवढं पाहूनच बस. आवाज सुधारून देतो म्हणणारे पुष्कळ असतात, शिकलेले आणि नोंदणी असलेले वेगळे.

मी मोठ्या उत्साहानं सांगितलं की रोज फुगे फुगवते, शंखही वाजवायला घेतला आहे. त्या म्हणाल्या, "शंख वाजवा हो, छानच आहे. पण त्यानं बोलणं सुधारणार नाही." फुंकताना टाळू बंद होते ती वेगळ्या तऱ्हेनं, बोलताना वेगळ्या. बोलण्यातली सवय बोलूनच बदलते.

मग एक साधी प्लॅस्टिकची नळी दिली. एक टोक नाकपुडीशी, दुसरं कानाशी. 'टोपीवाला ढोलकी वाजवतो' म्हणा. या वाक्यात ना न, ना म, ना ण. म्हणजे नळीतून कानात काहीच यायला नको. मी म्हटलं आणि कानात फुस्सकन आलं, 'टो'ला, मग 'ढो'ला, मग 'वा'ला. इतकी वर्षं लोकांना ऐकू येत होतं ते मला आज ऐकू आलं. मला रडू कोसळलं. ताईंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, पहिल्या दिवशी ऐकू आलं हे फार चांगलं, कित्येकांना चार आठवडे लागतात.

९ ऑगस्ट

घरचा अभ्यास, दिवसातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं. तासभर एकदम बसायचं नाही, थकलं की जुनी सवय परत येते.

आरशासमोर मोठी जांभई द्यायची आणि टाळू उचलली जाते ती आतून ओळखायची. मग जबडा नेहमीपेक्षा दोन बोटं जास्त उघडून 'आ'. मी तोंड फार कमी उघडते, जीभ मागे उंच ठेवते. तोंडात वाट अरुंद असली की हवा नाकाची वाट धरते. त्यानंतर 'अंग–गा, अंग–गा'. 'ङ्'ला दार उघडतं, 'गा'ला लागतं, त्यात ते हलताना कळतं. मग जोड्या: माल–बाल, मान–पान, नार–दार. आणि शेवटी 'काकू पोळी भाजते', वीस वेळा.

सासूबाई दारात येऊन उभ्या. "काय करून राहिली गं? कोनती काकू?"

सांगितलं तर त्या खाटेवर टेकल्या आणि माझ्याबरोबर म्हणू लागल्या. त्यांचा आवाज किती स्वच्छ आहे! सत्तरीतही. मी आजवर कधी लक्ष देऊन ऐकलाच नव्हता.

तान्ह्या पोळ्याचा दिवस

मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, पाहायला इतवारीत गेलो. काळी आणि पिवळी दोन्ही. सगळ्या गर्दीबरोबर मीही ओरडले, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" रात्री घसा बसला आणि आवाज पुरता नाकात. दोन दिवस अभ्यास बंद.

११ ऑक्टोबर

ताईंना आज खरं ते सांगितलं. खोलीत जमतं, नळी लावून जमतं, वाचतानाही जमतं. पण वर्गात चाळीस मुलं, पंखा, बाहेर कवायतीची शिट्टी, आणि सहाव्या तासाला मी होते तशीच. त्या म्हणाल्या, शिडी तशीच असते: आधी अक्षर, मग शब्द, मग वाक्य, मग वाचन, आणि सगळ्यांत वर गप्पा आणि राग. रागात जमलं की समजायचं बसलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी समजावली, ती लिहून ठेवते, कारण मध्यंतरी मी उलट्या टोकाला गेले होते. म आणि न सुद्धा दाबू लागले होते. नवरा म्हणाला, "आता खरंच सर्दी झाल्यासारखी बोलून राहिली तू." नाकातून हवा मुळीच जाऊ नये असं नाही. 'माझा'तला पहिला 'आ' म च्या शेजारी असल्यानं थोडा नाकातून येणारच, सगळ्यांचाच येतो. दार कायमचं ठोकून बंद करायचं नाही, वेळेवर उघडायचं आणि वेळेवर लावायचं.

जुलैतलं आणि आजचं रेकॉर्डिंग पाठोपाठ ऐकलं. पूर्ण गेलेलं नाही. लांब 'ई'ला अजून कळतं. पण जुलैतली बाई ऐकताना माझा जीव तुटला. ती वाक्याच्या शेवटी आवाज गिळते, घाईत संपवते, जणू कोणी ऐकायच्या आत बोलून मोकळी व्हायचं आहे. हे नाकाचं नव्हतं. ताईंनी याबद्दल एक शब्दही विचारला नव्हता, तरी तेही कमी झालं आहे.

१३ डिसेंबर

सकाळी कडाक्याची थंडी. मुलं स्वेटर, कानटोप्या घालून आलेली. पाढे म्हणायला तोंडं उघडत नव्हती.

वर्णमालेची उजळणी होती. ठरवलं नव्हतं, पण म्हटलं, डबे काढा. खायचं नाही, फक्त झाकण हातात घ्या. स्टीलची झाकणं थंडगार. ज्यांचे डबे प्लॅस्टिकचे त्यांना शेजाऱ्याचं झाकण. नाकाखाली आडवं धरायचं, 'मामा' म्हणायचं आणि लगेच बाजूला काढून पाहायचं. श्वास सोडायच्या आत.

"मॅडम, वाफ! वाफ आली!"

आता झाकण पुसा आणि 'काका' म्हणा. नाही आली. पुन्हा 'नाना'. आली. 'दादा'. नाही. वर्गात असा गोंधळ झाला की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. ङ ञ ण न म वेगळी का, हे मला बारा वर्षांत असं दाखवता आलं नव्हतं.

'कांकां' म्हणणारा तो मुलगा दुसऱ्या बाकावर बसतो. त्यानं 'काका' म्हणून झाकण पाहिलं, स्वच्छ होतं. पुन्हा म्हणून पाहिलं. मग झाकण घेऊन थेट माझ्या टेबलाशी आला.

"मॅडम, आता तुम्ही म्हणा."

सगळा वर्ग गप्प झाला. मी झाकण नाकाखाली धरलं, जबडा मोकळा सोडला आणि म्हटलं, "काका." झाकण काढून त्याच्यापुढे धरलं. आम्ही दोघांनी वाकून पाहिलं. एका कोपऱ्यात नखाएवढी वाफ होती.

"थोडीशी आहे," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "जुलैत पूर्ण झाकणभर आली असती."

त्यानं स्वेटरच्या बाहीनं झाकण पुसलं आणि पुन्हा माझ्या हातात दिलं.