तेरेखोलच्या अल्याड-पल्याडच्या दोघी

स्विंडन हे नाव पुण्या-मुंबईत फारसं कुणाला ठाऊक नसतं. गोव्यात मात्र वाड्यावाड्यावर कुणाचा ना कुणाचा मुलगा, भाचा, जावई तिथे असतो. लंडनच्या पॅडिंग्टनहून गाडीने तासाभरावर, रेल्वेच्या कारखान्याभोवती वाढलेलं हे शहर. पोर्तुगीज पासपोर्टवर आलेल्या गोंयकारांनी गेल्या काही वर्षांत इथे बस्तान बसवलं. गोदामांत, कारखान्यांत, केअर होममध्ये, म्हणजे वृद्ध-आजाऱ्यांच्या शुश्रूषागृहांत, कामं धरली. रविवारी होली रूड चर्चबाहेर कोकणी कानावर पडते. आणि याच शहराने २०१६ मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने जवळजवळ ५५ टक्के मतं टाकली.

मी इथल्या एका धर्मादाय सल्ला केंद्रात इमिग्रेशनचं काम करते. या देशात असा सल्ला कुणीही उठून देऊ शकत नाही, त्यासाठी सरकारी नोंदणी लागते. मी मूळची कणकवलीची, त्यामुळे मालवणी बोलणारं कुणी आलं की फाइल थेट माझ्या टेबलावर येते.

२० नोव्हेंबर २०२५, गुरुवार. त्या दिवशी दोघी आल्या. मावसबहिणी. दोघींच्या आया वेंगुर्ल्याच्या, एक दिली पेडण्याला, दुसरी बांद्याला. मध्ये तेरेखोल नदी आणि पत्रादेवीचा नाका, एवढंच अंतर. नावं लिहू नको म्हणाल्या, बाकी लिही म्हणाल्या. म्हणून इथे त्या पेडण्याची ताई आणि बांद्याची. दोघी एकाच केअर होममध्ये काम करतात, बहुतेक वेळा एकाच पाळीत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला हॉइस्टने, म्हणजे उचलायच्या यंत्राने, उचलताना दोन केअरर, शुश्रूषा करणारे, लागतात. अशा वेळी एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला ती.

काम होतं ताईचं. तिचे वडील १९६१ च्या आधी पेडण्यात जन्मलेले. त्यांच्या जन्माची नोंद लिस्बनला करून घेऊन ती पोर्तुगालची नागरिक झाली आणि २०१९ मध्ये इथे आली. ब्रेक्झिटनंतर अशा लोकांना आधी प्री-सेटल्ड स्टेटस मिळालं. पाच वर्षं सलग राहिलं की सेटल्ड, म्हणजे कायमचं. पण ‘सलग’ या अटीत ताई अडकली होती. २०२२ मध्ये वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची शुश्रूषा करायला ती दीड वर्ष पेडण्यात राहिली. कुठल्याही बारा महिन्यांत सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की सलगता तुटली, असा नियम. अनेकांच्या फायली त्यापायी कपाटात पडून राहिल्या होत्या.

मग १६ जुलै २०२५ पासून नियम बदलला. शेवटच्या साठ महिन्यांत मिळून तीस महिने इथे काढले असतील तरी पुरे. आम्ही ऑगस्टमध्ये तिचा अर्ज पुन्हा भरला. किती महिने इथे, किती तिथे, हे मांडायचं तर तारखा हव्यात, आणि पोर्तुगीज पासपोर्ट हीथ्रोच्या स्वयंचलित गेटवर नुसता टेकवायचा असतो, शिक्का पडतच नाही. शेवटी भारताचेच शिक्के कामी आले. जाताना दाबोळी, परतताना मोपा. मधल्या काळात पेडणे तालुक्यातच नवा विमानतळ सुरू झाला होता. एक शिक्का इतका पुसट की तारीख वाचायला पान खिडकीशी धरावं लागलं. उरलेलं पगारचिठ्ठ्यांनी भरून काढलं.

त्या गुरुवारी निकाल हातात होता. ईमेल आली होती, पण ताईचा तिच्यावर विश्वास बसेना, म्हणून सरकारी खातं माझ्यासमोर उघडायचं होतं. उघडलं. सेटल्ड. ताईने दोनदा वाचलं, मग माझ्याकडून वाचून घेतलं. या अर्जाला फी एक पौंडही नाही. बांद्याचीने तिच्या पाठीवर थाप मारली, पिशवीतून खोबऱ्याच्या वड्यांचा डबा काढला.

डबा फिरत असतानाच तिचा फोन वाजायला लागला. केअररच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकामागून एक निरोप. गृहमंत्री शबाना महमूद संसदेत उभ्या होत्या. मी सकाळपासून त्याच निवेदनाची वाट बघत होते. मे महिन्यात पंतप्रधान स्टार्मर यांनी स्थलांतरावर श्वेतपत्रिका आणली, तेव्हाच कळलं होतं की पाच वर्षांत मिळणारं कायम वास्तव्य दहा वर्षांवर जाणार. नोव्हेंबरात त्याचा तपशील आला. दहा वर्षं सर्वसाधारण लोकांना. पदवीच्या पातळीखालच्या कामावर आलेल्यांना पंधरा. २०२२ ते २०२४ दरम्यान हेल्थ अँड केअर व्हिसावर, म्हणजे आरोग्य आणि शुश्रूषेच्या कामासाठीच्या व्हिसावर, आलेल्या ६ लाख १६ हजार जणांचा, त्यात कुटुंबीयही आले, निवेदनात खास उल्लेख होता. आणि जे आधीच देशात आहेत पण ज्यांना कायम वास्तव्य मिळालेलं नाही, त्यांनाही हेच लागू करण्याचा प्रस्ताव.

बांद्याची २०२३ मध्ये त्याच व्हिसावर आली. नवरा आणि मुलगी सोबत. एजंटने काही लाख उकळले होते, बांद्याकडची कलमांची जागा अजून गहाण आहे. तिचा सगळा हिशेब २०२८ वर बेतलेला.

“माका सांग,” ती म्हणाली, “पंधरा म्हणजे कितीसाली?”

“२०३८. पण अजून कायदा झालेला नाही. सरकारने लोकांची मतं मागवली आहेत.”

ती काही क्षण बोटं मोजत राहिली. मुलगी आता दहा वर्षांची. “चेडू तेवीसचा होतला,” ती म्हणाली. मग ताईकडे न बघता मला विचारलं, “हिचा झाला, माझा कित्याक नाय? काम तर एकच करतंव.”

प्रश्न साधा होता आणि त्याचं उत्तर मला पाठ आहे, रोज कुणाला ना कुणाला देते. त्या दिवशी मात्र दोघी शेजारी बसलेल्या असताना ते देणं जड गेलं.

ताईच्या मागे करार आहे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडताना झालेल्या करारात ३१ डिसेंबर २०२० पर्यंत इथे राहायला आलेल्यांचे हक्क बांधून दिलेत. सरकार बदललं तरी ते एकतर्फी काढता येत नाहीत. बांद्याचीच्या मागे फक्त इमिग्रेशनचे नियम. ते गृहमंत्र्याने संसदेत एक निवेदन ठेवून बदलता येतात आणि वर्षातून कैकदा बदलतात. पोर्तुगालचं कागदपत्र तिला मिळण्यातलं नाही, आईवडील दोघेही महाराष्ट्रातले. आज मिळालं असतं तरी उपयोग शून्य, मुदत कधीच उलटली.

इतिहास आणखी विचित्र. पेडणे १७८८ पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांचंच होतं, मग पोर्तुगीजांकडे गेलं. सावंतवाडी संस्थान पुढे इंग्रजांच्या छत्राखाली आलं. म्हणजे इंग्रजांचं राज्य बघितलं ते बांद्याच्या आजोबांनी, पेडण्याच्या आजोबांनी नव्हे. १९४८ च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्याखाली बांद्याचा माणूस राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून बेधडक इथे येऊन राहू शकत होता. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. पुढच्या काही महिन्यांत, जुलै १९६२ पासून, राष्ट्रकुलातल्या लोकांवर इथे पहिल्यांदा निर्बंध आले. पोर्तुगालने १९७४ च्या अखेरीस भारताशी करार करून गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं, पण तिथे आधी जन्मलेल्यांचं आणि त्यांच्या मुला-नातवंडांचं नागरिकत्व शाबूत ठेवलं. ज्यांच्यावर राज्य केलं त्यांच्याशी लिस्बनने एक वागणूक ठेवली, लंडनने दुसरी. त्याचे परिणाम आज स्विंडनच्या एका केअर होमच्या हजेरीपटावर दिसतात.

हे सगळं मी त्यांना सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की ताईचा कागद वेगळ्या दारातून आलाय.

एक गोष्ट मात्र बांद्याचीनेच सांगितली आणि माझ्या डोक्यातून गेली नाही. तासाला तिला ताईपेक्षा जास्त पैसे मिळतात. कारण २०२५ मध्ये व्हिसावरच्या केअररला किमान १२.८२ पौंड द्यावेच लागत, बाकीच्यांसाठी किमान वेतन होतं १२.२१. ताई त्यावरून तिला चिडवायची. पण त्या साठ पेन्सच्या बदल्यात तिचं सगळं मालकाच्या, परदेशातून माणसं आणण्याच्या, परवान्याला बांधलेलं. तो रद्द झाला की नवा मालक शोधायला साधारण साठ दिवस. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात गृहखात्याने केअर क्षेत्रातले असे ४७० हून अधिक परवाने काढून घेतले. त्यातले बरेच खरोखर लुबाडणारे होते आणि ते बंद झालेच पाहिजेत. रस्त्यावर येतो तो मात्र लुबाडला गेलेला. पाच वर्षं अशी जीव मुठीत धरून काढणं वेगळं. पंधरा वर्षं म्हणजे वरिष्ठाने पाळ्यांत अन्याय केला तरी पंधरा वर्षं तोंड उघडायचं नाही.

दुपारी त्या गेल्यावर आमच्या स्वागतकक्षातले गृहस्थ चहा घेऊन आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, जन्म स्विंडनचा, आमच्याकडे विनामूल्य काम करतात. २०१६ मध्ये त्यांनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं होतं आणि ते कधी लपवत नाहीत. त्यांनीही बातमी बघितली होती.

“तुम्हाला राग आलाय,” ते म्हणाले. “पण एक सांगू? आम्हाला दर निवडणुकीत सांगितलं, बाहेरून येणाऱ्यांचा आकडा कमी करू. माजी पंतप्रधान कॅमेरन म्हणाले लाखाच्या खाली आणू. २०१९ मध्ये पुन्हा कमी करू म्हणाले. झालं काय? कुणी आम्हाला विचारलं होतं का?”

ते खोटं बोलत नव्हते. मार्च २०२३ ला संपलेल्या वर्षात येणारे वजा जाणारे हा आकडा ९ लाख ४४ हजारांवर गेला होता, इतिहासातला सर्वांत मोठा. २०२२ च्या फेब्रुवारीत केअररसाठी व्हिसा खुला केला तो याच लोकांना शब्द देणाऱ्या सरकारने. कारण केअर होममध्ये माणसं टिकत नव्हती आणि पगार वाढवायला स्थानिक नगरपालिकांकडे पैसा नव्हता. पगार वाढवण्यापेक्षा बाहेरून माणसं आणणं स्वस्त पडलं. पुढे २०२४ च्या मार्चपासून नव्या केअररना कुटुंब आणायची बंदी झाली, २२ जुलै २०२५ पासून परदेशातून भरतीच बंद.

मी त्यांना म्हटलं, शब्द तुम्हालाही दिला होता आणि तिलाही. तुम्हाला दिलेला मोडला याची भरपाई तिला दिलेला मोडून कशी होणार? तिने काही चोरवाटेने प्रवेश केला नाही. सरकारच्याच संकेतस्थळावर लिहिलं होतं, पाच वर्षांनी कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येऊ शकेल. ती ते वाचून आली.

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पुढे येणाऱ्यांना नियम कडक करा, ते मला मान्य आहे. खेळ अर्ध्यावर असताना नियम बदलणं बरोबर नाही.” बाकी कुठल्याच मुद्द्यावर आमचं पटलं नाही आणि पटायचंही नाही. सीमा कुठे आखायची, किती माणसं घ्यायची, हे ठरवण्याचा हक्क या देशाच्या लोकांचाच आहे, हे मी इथे राहून शिकले आणि ते मनापासून मानते. नव्या माणसाला नको म्हणणं हा एक निर्णय. बोलावून आणलेल्या, कामाला जुंपलेल्या माणसाची मुदत मागाहून तिप्पट करणं हा वेगळा, आणि मला तो उघड अन्याय वाटतो. टीव्हीवरच्या चर्चेत दोन्ही एकाच पिशवीत कोंबतात. इंग्लिश खाडी ओलांडून छोट्या बोटींतून येणाऱ्यांबद्दल कार्यक्रम सुरू होतो आणि पाचव्या मिनिटाला केअररचा व्हिसा बोलला जातो, जणू दोन्ही एकच.

संध्याकाळी बांद्याचीचा फोन आला. नवऱ्याशी बोलली होती. परत जाऊया असं तो म्हणतोय, पण कर्ज फिटलेलं नाही. मग तिने विचारलं, “ती मतं मागवलीत म्हणतस, ती माझ्यासारख्यान लिवली तर चलतत?”

चालतात. मी तिला २००६ ची गोष्ट सांगितली. तेव्हाच्या सरकारने उच्चशिक्षित स्थलांतरितांच्या योजनेचे नियम मध्येच बदलले, आधीपासून इथे असलेल्यांनाही लावले. त्यात भारतीय पुष्कळ होते. ते उच्च न्यायालयात गेले. २००८ मध्ये आणि पुन्हा २००९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की जुन्या अटींवर आलेल्यांना त्या अटी पाळून द्याव्या लागतील. सरकारने योजनेच्या माहितीपत्रकात काय लिहून दिलं होतं, यावर तिथे बराच भर होता. प्रत्येक खटला वेगळा असतो, केअररच्या बाबतीत तसंच होईल असं मी कुणाला सांगणार नाही. पण कागद जपणाऱ्यांना आधार असतो, हे खरं.

रविवारी ती माझ्याकडे आली आणि आम्ही उत्तर लिहायला बसलो. ती मालवणीत सांगत होती, मी इंग्रजीत उतरवत होते, मग तिला परत वाचून दाखवत होते. गोड करून लिहू नको, म्हणाली. रात्रपाळीत किती जणांना कूस बदलून देते, त्यातल्या कुणाची मुलं महिनोन्महिने फिरकत नाहीत, ख्रिसमसला कोण कामावर होतं, सगळं घातलं. ताईनेही स्वतःचं वेगळं उत्तर पाठवलं, सेटल्ड म्हणून.

ही मतं घेण्याची मुदत १२ फेब्रुवारी २०२६ पर्यंत होती. त्या व्हिसावर आलेल्या प्रत्येकाला मी तेव्हा सांगत होते, स्वतःचं उत्तर पाठवा. इंग्रजी जमत नसेल तर मराठीत लिहून काढा आणि भाषांतर करून घ्या. ठरीव मजकुराची नक्कल नको, आपापली हकिगत हवी. एक गोष्ट आजही सांगते: व्हिसा मंजूर झाल्याचं पत्र, मालकाने दिलेलं स्पॉन्सरशिपचं प्रमाणपत्र, आलात तेव्हाच्या सरकारी माहितीची छापील प्रत, सगळ्या पगारचिठ्ठ्या एका ठिकाणी ठेवा, मालकाच्या कपाटात नव्हे, तुमच्या घरी.