सरळ रेघ

२४ डिसेंबर, रात्री साडेअकरा

सगळे झोपलेत. ओव्हन कधीच बंद केलाय, पण स्वयंपाकघरात अजून सुंठ-दालचिनीचा वास भरून आहे. टेबलावर सांतासाठी ठेवलेला दुधाचा पेला, शेजारी बशी. बशीत एक तारा आणि मी. म्हणजे मिहूने केलेला मी. पंजाएवढा, जिंजरब्रेडचा. पांढऱ्या आयसिंगचे दोन डोळे, छातीवर एक ठिपका, आणि तोंडाच्या जागी एक सरळ रेघ.

ती रेघ डोक्यातून जात नाहीये.

बाकी सगळ्यांना त्याने हसू काढलंय. आईला चष्मा आणि चष्म्याखाली चंद्रकोरीसारखं हसू. अबोलीला दोन वेण्या आणि दात दिसणारं हसू. स्वतःला तर त्याने हसूही दिलंय आणि जीभही. ताईचं हसू सगळ्यांत मोठं, या गालापासून त्या गालापर्यंत, अर्धा चेहरा त्यातच गेलाय. ताई इथे नाही. आणि मी सकाळपासून या पोरांबरोबर ओट्याशी उभा आहे, तर मला रेघ.

सात वर्षांचं पोर आहे, आयसिंगचा कोन हातात बसला तसा चालला असेल, असं मी स्वतःला दहादा सांगून पाहिलं. पण हात चुकला असता तर रेघ वाकडी आली असती. ही ठरवून ओढलेली आहे. सुरुवातीला जरा जाड, मग शेवटपर्यंत एकसारखी, आणि जिथे कोन उचलला तिथे इवलंसं टोक वर आलेलं.

खेळ मीच सुरू करून दिला होता. पीठ मळून झालं होतं आणि ते लाटण्याआधी तासभर फ्रिजमध्ये ठेवायचं होतं. तेवढा वेळ पोरांना गुंतवायचं म्हणून गोष्ट सांगितली. जिंजरब्रेडची माणसं करण्याचं श्रेय इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या दरबाराला देतात. सोळाव्या शतकातली गोष्ट. दरबारात कोणी मोठे पाहुणे आले की राणी त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या बाहुल्या भाजून घ्यायची आणि त्यांनाच भेट द्यायची. "म्हणजे स्वतःच स्वतःला खायचं?" अबोलीने विचारलं. मिहू तोवर स्टुलावर चढलाही होता. "आपण पण करू. सगळे. मग ओळखायचं कोण ते."

दुपार फार छान गेली. हे नीट लिहून ठेवायला हवं, नाहीतर उद्या वाचताना वाटेल की आज फक्त वाईटच वाटलं. जिंजरब्रेड ओव्हनमधून बाहेर आला की मऊ असतो, पाचेक मिनिटं ट्रेवर तसाच ठेवावा लागतो, नाहीतर उचलताना हात-पाय निखळतात. मी नियम केला होता की मोडलेलं असेल ते लगेच खायचं. पहिल्या ट्रेत दोन मोडले. दुसऱ्या ट्रेत सहा. रेनडिअरची शिंगं तर एकाचीही धड राहिली नाहीत. अबोली आणि मिहू एकमेकांकडे बघत नव्हते, त्यावरून काय ते कळलंच. मग आईने पुढे होऊन अंगठ्याने एका ताऱ्याचं टोक दाबलं आणि "अरे, हासुद्धा गेलाच की," म्हणून तोंडात टाकलं. पोरं जमिनीवर लोळली हसून. मिहूच्या नाकाला मैदा, केसांना मैदा, पापण्यांनाही मैदा.

तेव्हा मीही हसलो होतो. नक्की हसलो होतो. पण आता तो क्षण परत डोळ्यांपुढे आणला तर असा दिसतो: मी हसलो आणि त्याच दमात म्हणालो, "चला, पीठ गार आहे तोवर तिसरा ट्रे आत जाऊ दे."

संध्याकाळी बाहुल्या रंगवून झाल्यावर सगळ्यांनी आपापली ओळखली. माझी मला ओळखता आली नाही. दोनच उरल्या तेव्हा त्यातल्या हसणाऱ्या बाहुलीकडे मी बोट दाखवलं, तर ती ताई निघाली. मग मी सहज विचारावं तसं विचारलं, "मिहू, मला हसू का नाही रे?"

त्याने कोनातून डोळेसुद्धा वर काढले नाहीत. "तू मोजत असतोस ना," म्हणाला, आणि पुढच्या झाडाला हिरवे ठिपके द्यायला लागला.

एवढंच. त्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. मी चिडवून घ्यायला तयार होतो, रुसायलाही तयार होतो, पण त्याने फक्त पाहिलं होतं ते सांगितलं.

आणि मोजावं तर लागतंच ना? कोणाला तरी लागतं. बटर पस्तिसेक अंशांना पार वितळून जातं. ओट्यावर पीठ जास्त वेळ राहिलं की ते सैल पडतं, मग ओव्हनमध्ये कुकी धड उभी राहायच्या आत बटर निघून जातं आणि माणसं पसरून एकमेकांना चिकटतात. सोडा एक चहाचा चमचा. तिथे मोठा चमचा पडला तर तिप्पट जातो आणि तोंडात साबणाची चव येते. १८० अंशांवर १२ मिनिटं म्हणजे १२ मिनिटं, कारण काकवी घातलेलं पीठ आधीच तपकिरी असतं, रंगावरून भाजलं की करपलं ते कळत नाही, ते नाकाने आणि घड्याळाने ओळखायचं. हे कोणी बघितलं नाही तर कसली मजा आणि कसलं हसू? सगळ्यांना गोड लागलं, कारण एकाचं लक्ष होतं. हे त्या रेघेत कुठे येतं?

रूथ वेकफिल्डची आठवण झाली. मॅसॅच्युसेट्समधल्या व्हिटमन गावात १९३० पासून ती आणि तिचा नवरा टोल हाउस नावाची खानावळ चालवायचे. चॉकलेट चिप कुकी तिची. लोकांना तिची कुठली गोष्ट आवडते, तर चॉकलेटचे तुकडे चुकून पिठात पडले, किंवा ते विरघळतील असं तिला वाटलं आणि विरघळलेच नाहीत, म्हणून कुकी झाली. प्रत्यक्षात बाई गृहशास्त्र शिकलेली होती, १९२४ साली तिचं शिक्षण पूर्ण झालं होतं, आणि आपण काहीतरी वेगळं द्यायचं म्हणून मुद्दाम करून पाहत होतो, हे तिने पुढे स्वतः सांगितलंय. तरी अजून गोष्ट अपघाताचीच सांगतात. एखादी बाई ओट्याशी उभी राहून, वजनं करून, पुन्हा पुन्हा भाजून बघून हे करते, यात लोकांना आनंद दिसतच नाही. मला दिसतो. सगळ्या गोष्टीत मला तोच भाग सगळ्यांत जास्त आवडतो.

पण रूथबाई इथे काय करणार? मोजलं ते बरोबर की चूक, हा प्रश्नच नाही. मोजत असताना मी त्यांच्यात असतो का, एवढंच मला हवंय. मला वाटत होतं, असतो. मला वाटत होतं, मोजतो म्हणूनच असतो.

आणि हे माझं मुळात नाहीच. आमच्या घरात घड्याळाकडे तोंड करून कोण उभं राहायचं ते आईला माहीत आहे. संध्याकाळी तिने ती कुकी हातात घेतली, लांब धरली, जवळ आणली, चष्मा कपाळावर केला. "अगदी तस्संच," म्हणाली. कोणासारखं ते बोलली नाही. बशीत ठेवताना मात्र दोन्ही हातांनी ठेवली.

आठच्या सुमाराला ताईशी व्हिडिओ कॉल झाला. पोरांनी एकेक कुकी कॅमेऱ्यासमोर धरली. तिची स्वतःची आली तेव्हा ती खळखळून हसली आणि नंतर थोडा वेळ तिकडून आवाजच आला नाही. "नेट गेलं," अबोली म्हणाली. अबोली अकरा वर्षांची आहे. मीही म्हणालो, "हो, नेट गेलं."

बारा वाजत आले. सांताचं दूध मी प्यायलो, तारा खाल्ला. सकाळी बशी रिकामी दिसायला हवी, म्हणून दुसरी कुकीही उचलली होती. पाय तोंडाजवळ नेला आणि परत ठेवला. खाववेना.

उचलली म्हणून दिव्याखाली आली, आणि आत्ता कुठे एक गोष्ट दिसली. छातीवरचा ठिपका बटण नाहीये. बटणं असती तर आईच्या स्वेटरला काढली तशी ओळीने तीन असती. हा एकच आहे, आणि त्याच्यापासून वर मानेपर्यंत दोन बारीक रेघा गेल्यात, केसाएवढ्या, एके ठिकाणी तुटलेल्या. तो टायमर आहे. हात पिठाचे असतात म्हणून मी फितीला बांधून गळ्यात अडकवतो, तो. ठिपक्याच्या आतसुद्धा टाचणीने काहीतरी कोरलंय. आकडा असावा. एक आणि दोन असं मला वाचता येतंय, पण ती टाचणी घसरल्याची खूणही असेल.

एवढं बारीक काम त्याने दुसऱ्या कोणाच्या बाहुलीवर केलेलं नाही. आत्ता उठून डबा उघडून सगळ्या बघून आलो. ताईच्यासुद्धा नाही.

आता त्या रेघेचं काय करायचं, कळत नाही. झोपतो.


२५ डिसेंबर, दुपार

पहाटे जाग आली ती मिहूच्या ओरडण्याने. "सांताने तारा खाल्ला! सांताने मामाला ठेवला!" असं घरभर सांगत सुटला होता. मग माझी आणि ताईची कुकी त्याने बटर पेपरात गुंडाळून, डब्यात सगळ्यांत वर ठेवून दिली. जिंजरब्रेड टिकतो, घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन आठवडे सहज राहतो. तोवर ताई येईल.

आज शॉर्टब्रेड करायचं ठरलं होतं. त्याला अंडं नाही, सोडा नाही, काही नाही. एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग मैदा. १००, २००, ३०० ग्रॅम. मी नेहमीसारखा वजनकाटा पुढे ओढला आणि मग मिहूकडे सरकवला. "आज तू कर."

"मी? सगळं?"

"सगळं."

मी हात मागे बांधून उभा राहिलो. अवघड गेलं. साखर नीट झाली, बटर आधीच कापलेलं होतं. मैदा घ्यायची वेळ आली तेव्हा त्याने चमचा ठेवून दिला आणि चिमटीने घालायला लागला. काटा २९१ वर. अबोली मागून काहीतरी गमतीचं बोलली, आई हसली, मीही हसलो. मिहूला ते ऐकूच गेलं नाही. २९६. मी वाकून त्याच्याकडे बघितलं. भुवया खाली आलेल्या, श्वास धरलेला, आणि ओठ एकमेकांवर असे दाबलेले की तोंडाची नुसती एक रेघ झाली होती. २९९. त्याने बोटाला चिकटलेला मैदा काट्यावर झटकला. ३००.

मग श्वास सोडला त्याने, आणि वर बघितलं. पहिलं माझ्याकडे.

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं खूप होतं, अबोलीला हाक मारून दाखवण्यासारखंही होतं, पण ते त्याचं होतं. पीठ एकत्र करून, थापून, काट्याने टोचे मारून झाले. शॉर्टब्रेडला आच कमी लागते, १६० अंश, आणि वेळही जास्त. ट्रे मी आत सरकवला, कारण तिथे हात भाजतो.

"मामा, आता किती मिनिटं?"

मी गळ्यातला टायमर काढून त्याच्या गळ्यात घातला. फीत लांब पडत होती, टायमर पोटापर्यंत येत होता. मानेमागे एक गाठ मारून दिली.