ट्रेलरची नोंद: जनरेटर ठरला, आता पेट्रोलचा हिशेब

मागच्या नोंदीत गाडीमागे ओढायच्या, मुक्कामाच्या ट्रेलरचं वायरिंग संपलं होतं. छतावर २०० वॉटचं सोलर पॅनेल, आत १२ व्होल्ट १०० अँपियर-अवरच्या दोन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या, १२ व्होल्टवरच चालणारा कॉम्प्रेसर फ्रिज, दोन पंखे आणि पाण्याचा छोटा पंप. थंडीत एवढ्यावर निवांत भागतं. खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये असते. ठाण्यातून निघून मुरबाडच्या पुढे गेलं तरी दुपारी पत्रा तापतो, आणि अलिबाग-काशीदकडे रात्रीसुद्धा अंगावरचा घाम वाळत नाही. आई बरोबर असते, मुलगी लहान आहे, त्यामुळे एसी बसवायचा हे घरात एकमताने ठरलं. एसी आला म्हणजे जनरेटर आलाच.

दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती केव्हीएचा पाहिजे?" माझं स्पष्ट मत आहे की हे आधी ठरवायचंच नाही. आधी एसी ठरवा, जनरेटरचा आकार त्यावरून आपोआप ठरतो. रबाळ्याच्या एमआयडीसीत जिथे ट्रेलरचं काम चालू आहे, तिथे एक जुना पाऊण टनी विंडो एसी पडून होता. त्याला क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजणारं यंत्र) लावून पाहिलं. चालताना जेमतेम ९०० वॉट, पण कॉम्प्रेसर उचलतो त्या क्षणी मीटरचा आकडा वीस अँपियरच्या पुढे उडाला. २३० व्होल्टला वीस अँपियर म्हणजे साडेचार केव्हीएच्या वर, भले अर्ध्या सेकंदापुरते का असेना. असा एसी ठेवला तर त्या अर्ध्या सेकंदासाठी चाळीस-पन्नास किलोचं धूड आयुष्यभर वाहायचं. पाऊण टनी इन्व्हर्टर एसी मात्र हळूहळू वेग घेतो, सुरू होताना झटका देत नाही आणि खोली गार झाली की ४०० वॉटच्या आसपास येऊन टिकतो. त्याला दोन किलोवॉटच्या वर्गातला इन्व्हर्टर जनरेटर पुरतो, आणि तो एकट्याला उचलता येतो.

इन्व्हर्टर जनरेटर आणि मंडपवाल्यांकडे दिसतो तो उघड्या सांगाड्याचा जनरेटर, यांतला मूळ फरक इंजिनच्या वेगात आहे. साध्या जनरेटरला ५० हर्ट्झ टिकवायचे म्हणून लोड असो-नसो ३००० आरपीएमवर (मिनिटाला ३००० फेरे) ओरडत राहावं लागतं. इन्व्हर्टरवाला आधी डीसी करतो आणि मग त्यातून घरच्या विजेसारखा स्वच्छ एसी (उलटसुलट वाहणारा) करंट बनवतो, त्यामुळे लोड कमी झाला की इंजिनही मंदावतं. आवाज कमी, पेट्रोल कमी, आणि लॅपटॉप-चार्जरला त्रास नाही.

तरीही "लोड कमी तर पेट्रोल कमी" एवढ्यावर थांबू नका, कारण माझा सगळा बेत याच मुद्द्यावर उभा आहे. या वर्गात जगभर मापदंड मानला जातो तो होंडाचा अमेरिकेत विकला जाणारा ईयू२२००आय. त्याचे छापील आकडे घ्या: ३.६ लिटरची टाकी, १.८ किलोवॉटच्या पूर्ण लोडवर ३.२ तास, पाव लोडवर ८.१ तास. आठ तास ऐकून बरं वाटतं. पण भागाकार करा. पूर्ण लोडवर एका लिटरमागे १.६ युनिट वीज मिळते, पाव लोडवर फक्त एक युनिट. म्हणजे रात्रभर एका एसीसाठी जनरेटर भुणभुणत ठेवणं हा पेट्रोल जाळण्याचा सगळ्यात महाग मार्ग. वर शेजारच्या तंबूतल्यांची झोपमोड.

म्हणून जनरेटर हा मी चार्जर म्हणूनच वापरायचा ठरवलं. संध्याकाळी दोन तास, भरपूर लोडवर. बॅटरीला ६० अँपियरचा चार्जर आहे, तो जनरेटरकडून जवळपास एक किलोवॉट ओढतो. त्याच वेळी एसी चालू करून ट्रेलर गार करून घ्यायचा, म्हणजे लोड १.७ किलोवॉटपर्यंत जातो. मग जनरेटर बंद. रात्री एसी बॅटऱ्यांवर. दोन्ही बॅटऱ्या भरलेल्या असल्या तर मिळून अडीच युनिट, त्यातले सव्वादोन हाती लागतात, म्हणजे चार-पाच तास. पहाटे हवा उतरलेली असते, तेव्हा पंखे पुरतात. दोन तास नुसता चार्जर लावून पाहिला, तेव्हा टाकीतून साधारण दीड लिटर गेलं. पेट्रोल शंभरीच्या पुढे आहे, त्या भावाने ही वीज सत्तर रुपयांच्या वर युनिट पडते. जिथे रिसॉर्टवाला १६ अँपियरचा पॉइंट देतो तिथे आनंदाने त्याचे पैसे द्यावेत.

आता पेट्रोलविषयी. दोन गोष्टी जिवाभावाने सांगतो.

पहिली, ते कशात न्यायचं. पेट्रोलियम कायदा १९३४ प्रमाणे, विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना बाळगता येतं, पण ते घट्ट झाकणाच्या भांड्यात हवं: काच किंवा चिनी मातीचं असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत. प्लॅस्टिकचा त्यात उल्लेखच नाही. तेव्हा पाण्याचा पांढरा कॅन, कोल्ड्रिंकच्या बाटल्या हे सगळं बाद. मी पाच लिटरचा पत्र्याचा जेरी कॅन घेतला. भरताना तो गाडीच्या डिकीत नाही, जमिनीवर ठेवायचा, म्हणजे स्थिर वीज साठत नाही, आणि वर थोडी जागा रिकामी सोडायची, कारण उन्हात पेट्रोल फुगतं. बरेच पंप सुटं पेट्रोल देतच नाहीत, त्यामुळे निघण्याआधी ओळखीच्या पंपावर विचारून ठेवा.

दुसरी गोष्ट इथेनॉलची. आता पंपावर ई२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. छोट्या जनरेटरच्या कित्येक मॅन्युअलमध्ये मात्र १० टक्क्यांपर्यंतच परवानगी लिहिलेली असते. घेण्याआधी ते पान उघडून बघा आणि ई२० चालतं असं लेखी असलेलं मॉडेल निवडा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडच्या दमट हवेत त्याला कमी नाही. पाणी फार झालं की इथेनॉल पेट्रोलपासून सुटून तळाशी बसतं. कार्बोरेटरचा फ्लोट बाऊल (पेट्रोल साठतं ती वाटी) इतका लहान की तिथे दोन थेंबही पुरतात. ट्रेलरचं काम करणाऱ्या मेस्त्रींनी एका बंद पडलेल्या जनरेटरचा बाऊल माझ्यासमोर उघडला. तळाला पांढरट बुरशीसारखा थर, आणि इंजिनला पेट्रोल सोडणाऱ्या मेन जेटच्या सुईएवढ्या भोकात हिरवट चिकटा. तारेच्या एका केसाने तो टोकरून काढेपर्यंत चहा गार झाला.

उपाय सोपा आहे. प्रत्येक वेळी बंद करताना स्विच मारायचा नाही, पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि बाऊलमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप थांबू द्यायचं. काही मॉडेलमध्ये यासाठी वेगळी खूण असते. परत आलो की टाकीतलं आणि कॅनमधलं उरलेलं पेट्रोल गाळणीच्या नरसाळ्यातून थेट गाडीच्या टाकीत. ओढणारी गाडी पेट्रोलची असण्याचा हा मोठा फायदा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा गॅलरीत पेट्रोल साठवायचा प्रश्नच येत नाही, आणि पुढच्या वेळी ताजं भरलं जातं.

एलपीजीचाही विचार केला. गॅसला चिकटा धरत नाही, तो शिळा होत नाही, आणि पाच किलोचा छोटा सिलिंडर सहज मिळतो. उष्णतेच्या हिशेबात तो सात लिटर पेट्रोलच्या बरोबरीचा. पण ताकद दहाएक टक्के कमी पडते, आणि गळती झाली तर हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर तर स्वयंपाकासाठीच आहे, तो इकडे वळवायचा नाही. मी पेट्रोलवरच राहिलो.

जोडणी करताना एक गोष्ट लक्षात आली ती बऱ्याच जणांना माहीत नसावी. मेस्त्रींनी जनरेटरच्या सॉकेटमध्ये टेस्टर घातला आणि म्हणाले, "दादा, दोन्ही भोकांत मिणमिणतोय. हे घरच्यासारखं नाही." बरोबर आहे. या जनरेटरमध्ये न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो, तो तरंगता असतो. अशा वेळी आत पहिला बिघाड झाला तरी ट्रेलरमधली आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) ट्रिप होईलच असं नाही. त्यासाठी जनरेटरच्या बाजूला न्यूट्रल-अर्थ जोडणारा वेगळा प्लग करून घेतला, जाणकार इलेक्ट्रिशियनकडून. तो फक्त जनरेटरवर चालतो. बाहेरची लाइन घेताना तो निघालाच पाहिजे, म्हणून त्यावर लाल टेप आहे.

धुराबाबत कसलीही तडजोड नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जनरेटर ट्रेलरपासून किमान सहा मीटर लांब, धुराचं तोंड पलीकडे, आणि आत बॅटरीवरचा सीओ अलार्म. किनाऱ्यावर आणखी एक काळजी: दिवसा वारा समुद्राकडून येतो, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातो. दुपारी योग्य वाटलेली जागा रात्री उलटी पडू शकते. आमचा जनरेटर दहाच्या आत बंद होतो, तरी जागा बदलायची तयारी ठेवतो. भंडारदऱ्याला मे अखेरीस काजवे बघायला गेलो तर तो खोक्यातून निघणारच नाही. तिथे अंधार आणि शांतता या दोन गोष्टींसाठीच तर माणूस जातो.

घाटावर ताकद घटते हेही धरून चाला. दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्के, म्हणजे महाबळेश्वरला पंधराएक टक्के. तिथे एसी लागत नाही, पण चार्जर मी ४० अँपियरवर उतरवणार आहे.

पहिलं ऑइल २० तासांनी बदलायचं, म्हणून झाकणावर तास मोजणारं छोटं मीटर चिकटवलंय. आता राहिलंय ते पुढच्या खोक्याचं काम. एकवीस किलोचा जनरेटर आणि कॅन दोन्ही हिचवर (ट्रेलर गाडीला जोडायच्या सांध्यावर) येतात, त्यामुळे पुढचं वजन वाढतं. खोक्याला खाली-वर जाळी लावायची, कॅनसाठी बॅटरीपासून लांब वेगळा कप्पा करायचा. मेस्त्रींनी शनिवारी बोलावलंय. ते झालं की पाण्याची टाकी भरून ट्रेलर काट्यावर नेणार. हिचवर एकूण वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त आलं, तर सामानाची पेटी एक्सलच्या मागे सरकवणार.