19 किलो 400

रविवार, रात्रीचे अकरा.

रांगणा गडावरनं आत्ताच आलोय, पाय गरम पाण्याच्या बादलीत आहेत आणि हे लिहितोय. पाय दुखतायत पण खांदे दुखत नाहीयेत, असं पहिल्यांदाच झालंय.

गेल्या डिसेंबरात हीच वाट उतरताना धाकटी पोरगी मध्येच खाली बसली, पाय दुखतात म्हणाली, आणि मला तिला उचलताच येईना, कारण पाठीवर सॅक, सॅकखाली बांधलेला तंबू, गळ्यात कॅमेरा. शेवटी पाटगावकडच्या एका पोरानं तिला खांद्यावर घेतलं आणि शीळ घालत माझ्यापुढनं निघून गेला. ते काय वर्षभर डोक्यातनं गेलं नाही.

दिवाळी झाल्यावर सॅक तेव्हासारखीच्या तशी भरली, गाडीवर टाकली आणि कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत मित्राच्या धान्याच्या दुकानात नेऊन काट्यावर ठेवली. 19 किलो 400. मित्र म्हणाला, "भावा, ज्वारीचं पोतं घेऊन गड चढतोस व्हय?" माझं वजन 68, म्हणजे चौथ्या हिश्श्याच्याही वर गेलं की, आणि डोंगरातली अनुभवी माणसं पाचव्या हिश्श्याच्या पुढं जाऊ नका म्हणतात. मग तिथंच एकेक वस्तू काढून मोजली, गिऱ्हाईकं बघत उभी. नुसती रिकामी सॅकच 2 किलो 700. माझी आणि धाकटीची स्लीपिंग बॅग मिळून 3 किलो 800. तंबू साडेपाच किलो! आणि हा तंबू गेल्या दोन वेळेला उघडलासुद्धा नव्हता, कारण झोपलो रांगणाईच्या देवळात. नुसतं "असू दे, लागला तर" म्हणून साडेपाच किलो वर नेले आणि खाली आणले.

तर तंबू माळ्यावर गेला. सॅक नवीन घेतली, 40 लिटरची, 1 किलो 100. स्लीपिंग बॅगच्या बाबतीत मात्र सगळ्यांनी डोकं खाल्लं, बदकाच्या पिसांची घे, निम्म्या वजनात येते, खरंय ते, पण पिसं भिजली की त्यांचे गोळे होतात आणि ऊब जाते, आणि आपल्याकडं घाटमाथ्यावर पहाटे दव असं पडतं की बाहेर ठेवलेला टॉवेल पिळून घ्यावा लागतो. शिवाय किंमत ऐकून मीच गार पडलो. सिंथेटिकच घेतल्या, 900 ग्रॅमवाल्या, इकडच्या थंडीला बास झाल्या. हिमालयात कधी गेलोच तर तेव्हा बघू.

जीन्स तर कायमची बंद. पन्हाळा-पावनखिंड जुलैत केलं होतं तेव्हा मसाई पठारावर जीन्स जी भिजली ती दुसऱ्या दिवसापर्यंत वाळली नाही, मांड्या सोलून निघाल्या, पुढचं काय लिहीत नाही.

पाण्यापुढं कुणाचं काय चालत नाही, 1 लिटर म्हणजे 1 किलो. फक्त स्टीलच्या बाटल्या घरी ठेवून पातळ प्लॅस्टिकच्या घेतल्या, तिथं 800 ग्रॅम सुटले. हेच डोकं जेवणाच्या डब्याला लावायला गेलो तर बायको म्हणाली, "मी स्टीलचा डबाच घेतो, खर्डा काय मी प्लॅस्टिकमध्ये ठेवत नाही." (आमच्याकडं बायकापण घेतो-जातो म्हणतात, पुण्याचे पाव्हणे दरवेळी हसतात.) डबा 1 किलो 100, म्हणजे नव्या सॅकएवढा. आला तो. काल रात्री देवळात भाकरी, खर्डा आणि दही खाताना मी त्या विषयावर गप्प होतो.

शुक्रवारी परत काट्यावर ठेवली, 9 किलो 300. मित्रानं बिल फाडून दिलं गंमतीनं, 'हलकं पोतं 1'.

आणि आज उतरताना ती गेल्या वर्षीची जागा आली. मी मुद्दाम थांबलो, सॅक पुढं छातीवर घेतली, पाठ रिकामी केली, खाली बसलो आणि म्हटलं ये गं, पाठीवर घेतो. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला येड लागलंय. "का? मी काय लहान हाय व्हय?" म्हणाली आणि काठी आपटत पुढं गेली, शीळ घालायचा प्रयत्न करत होती, वाजत नव्हती.