हाफ मून बेचा भोपळा

लेकीच्या घरून, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सॅन मटेओहून, हाफ मून बेला ९२ नंबरचा रस्ता जातो. डोंगर चढायचा, पलीकडे उतरायचं, की समोर पॅसिफिक. ऑक्टोबरअखेर हॅलोविन, भोपळे कोरून दाराशी ठेवायचा सण; त्याचे भोपळे घ्यायला सुटीच्या दिवशी इथे गाड्यांची ही रांग लागते, म्हणून शनिवारी सकाळी आठलाच निघालो. मागे पाच वर्षांची नात आणि तीन वर्षांचा नातू. उतार संपता संपता धुकं विरळ झालं आणि रस्त्यालगतचं शेतच्या शेत केशरी दिसायला लागलं. इतका वेळ बडबडणारा धाकटा एकदम गप्प झाला.

हे गाव स्वतःला जगातल्या भोपळ्यांची राजधानी म्हणवतं. १९७१ पासून इथे भोपळ्यांचा उत्सव भरतो, आणि महाकाय भोपळ्यांच्या वजनाची स्पर्धाही होते. २०२३ मध्ये मिनेसोटातल्या एका शिक्षकाने आणलेला भोपळा २,७४९ पौंड भरला, तेव्हाचा जागतिक विक्रम. जावयांनी गाडीतच हिशेब करून सांगितलं, जवळजवळ साडेबाराशे किलो! आपल्याकडे फोडीवर विकत घेतो ती भाजी ही.

शेतात वेल वाळून गेले होते, भोपळे मातीत लोळत होते. निवडायची रीत शेतावरच्या बाईंनी दाखवली. बूड सपाट हवं, सालीत नख रुतता कामा नये, आणि देठ धरून उचलायचा नाही. देठ मोडला की तिथूनच सड लागते. नातीने उंच, गुळगुळीत भोपळा घेतला. नातवाने मात्र एका अंगाने चपटा, पिवळट डाग पडलेला उचलला. "अरे, हा गोल बघ ना," लेक म्हणाली. त्याने त्याला मिठीच मारली. मी लेकीला म्हटलं, राहू दे, त्याचा भोपळा आहे.

घरी पायरीवर वर्तमानपत्रं अंथरली. सुरुवातीला मी घाई केली. साल दमट असतानाच ॲक्रेलिक रंग लावायला दिला, तो वाळल्यावर पापुद्र्यासारखा सुटून आला. मग भोपळा ओल्या फडक्याने पुसला, पूर्ण कोरडा केला आणि पुन्हा बसलो. तीन वर्षांच्या मुलाच्या हाती सुरी द्यायचीच नाही. त्याला रंग आणि स्टिकर. त्याने सगळे डोळे एकाच बाजूला चिकटवले, मोजून नऊ. एक डोळा सरळ करायला माझा हात पुढे गेला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी हात मागे घेतला.

नातीचा भोपळा कोरायचा होता. झाकण लेकीने सुरी तिरपी धरून कापलं. सरळ कापलं तर ते आत पडतं. नातीने दोन्ही बाह्या वर सारून हात आत घातला. ओल्या दोऱ्यांसारखा गर, त्यात बिया. एक पकडावी तर बोटांतून सुळकन निसटायची. "आजी, हे थंड आहे!" म्हणत तिने वाडगाभर बिया काढल्या. धुऊन, मीठ लावून त्या ओव्हनमध्ये भाजल्या.

पूर्वी आयर्लंडमध्ये हॅलोविनला सलगम कोरत. तिकडची माणसं अमेरिकेत आली आणि हाताशी भोपळा आला. शेजारच्या पायऱ्यांवर दात विचकलेले चेहरे बसले होते. नात मात्र विचारत होती, "ह्याच्या आत कोण राहतं?" मग मी तिला लेकीकडे जाऊन धष्टपुष्ट झालेल्या, भोपळ्यात बसून वाघा-कोल्ह्यांतून घरी परतलेल्या म्हातारीची गोष्ट सांगितली. तिने चेहरा नकोच म्हटलं. मार्करने एक चौकोनी खिडकी काढली, लेकीने ती कापली, आणि संध्याकाळी आत बॅटरीचा दिवा ठेवला. दिव्यापुढे कागदाची म्हातारी उभी होती, नऊवारीतली.

कोरलेला भोपळा टिकत नाही. सहाव्या दिवशी खिडकीच्या कडा मऊ पडून आत वळल्या. रंगवलेला चपटा तसाच टणक होता. नातीने म्हातारीला बाहेर काढलं, भावाला विचारलं, आणि त्या नऊ डोळ्यांच्या शेजारी निळ्या रंगाने तिच्यासाठी एक खिडकी काढली.