फॉन्टची यादी आणि कोर्ट नाक्यावरचं दुकान

ब्राउझरमध्ये येऊ घातलेल्या नव्या सोयी खासगीपणाच्या अंगाने तपासायच्या, हे ऐरोलीच्या ऑफिसातलं माझं काम. त्या दिवशी आलेला प्रस्ताव दिसायला साधा होता. ऑनलाइन डिझाइन करणाऱ्यांना स्वतःच्या कॉम्प्युटरवरचे फॉन्ट वापरता यावेत, म्हणून साइट एकदा परवानगी मागणार आणि 'हो' म्हटलं की तिला सगळ्या फॉन्टची यादी मिळणार. क्रोममध्ये अशी सोय २०२२ पासून आहे.

धोक्याच्या रकान्यात लिहिलं होतं, की बहुतेक लोकांकडे विंडोज किंवा मॅकसोबत आलेलेच फॉन्ट असतात, त्यामुळे यादीवरून कुणी ओळखू येणार नाही. मला ते पटेना. साइटने ओळख ठेवण्यासाठी ब्राउझरमध्ये ठेवलेली नोंद, म्हणजे कुकी, पुसता येते. पण स्क्रीनचा आकार, टाइमझोन, भाषा, ग्राफिक्स कार्ड, फॉन्ट असे बारीकसारीक तपशील जुळवून तयार होणारा ब्राउझरचा ठसा पुसायला कुठलंच बटण नसतं. २०१० साली डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या ईएफएफ या अमेरिकी संस्थेच्या पीटर एकर्स्ली यांनी ४,७०,१६१ ब्राउझर तपासले, तेव्हा त्यातल्या ८३.६ टक्क्यांचा ठसा दुसऱ्या कुणाशीही जुळत नव्हता. सर्वांत बोलके निघाले होते प्लगइन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम, आणि त्यांच्या खालोखाल फॉन्ट. प्लगइन आता इतिहासजमा झाले. फॉन्ट आहेतच, आणि मराठीत काम करणाऱ्यांकडे तर भरपूर.

दुपारी ट्रेनने ठाण्याला गेले. कोर्ट नाक्याजवळ ओळखीच्या काकांचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, अर्ज, प्रतिज्ञापत्रं, सगळं तिथे होतं. काय करायचंय ते नीट समजावून सांगितलं, त्यांनी होकार दिला, मगच मी आमचं चाचणीचं पान त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडलं.

या पानाने परवानगी मागितलीच नाही, कारण मला आजची स्थिती बघायची होती. पान एक अदृश्य ओळ साध्या फॉन्टमध्ये लिहितं आणि तिची रुंदी मोजतं. मग तीच ओळ 'श्रीलिपी या भारतीय लिपींच्या सॉफ्टवेअरच्या अमुक फॉन्टमध्ये दाखव' असं ब्राउझरला सांगतं. तो फॉन्ट नसेल तर रुंदी तीच राहते. असेल तर बदलते, आणि आपले जुने फॉन्ट यात हमखास सापडतात. युनिकोड ही सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत येण्याआधीच्या या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात, कुठे काना, कुठे अर्धा म. इंग्रजी ओळीची रुंदी लगेच वेगळी येते.

क्षणभरात पडद्यावर नावं उमटली. श्रीलिपीचे फॉन्ट, सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम सॉफ्टवेअरमधला सुरेख, टायपिंगसाठी ठेवलेला कृतिदेव. काका खुर्ची ओढून जवळ आले.

"ताई, हे सगळं कुठल्याही साइटला दिसतं?"

"नावं आधीच माहीत असली तर हो, काका. नवी सोय आली तर नावं माहीत असायचीही गरज नाही. तुम्ही एकदा 'हो' म्हणालात की अख्खी यादी त्यांच्या हातात."

"मी तर म्हणेनच हो. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं, चौकट वाचायला वेळ कुणाला आहे?"

हे वाक्य मी जसंच्या तसं अहवालात घातलं. ज्याचं पोट फॉन्टवर चालतं तोच ही परवानगी आधी देणार, आणि यादीवरून नेमका तोच उठून दिसणार. हा माणूस मराठीत काम करतो, छपाईच्या धंद्यात आहे, कोणती सॉफ्टवेअर वापरतो, एवढं एका यादीतून कळतं.

संध्याकाळी कॉलवर एक सीनियर म्हणाले, "अगं, पण हे फार टोकाचं उदाहरण झालं." मी त्यांना बॅटरीची आठवण करून दिली. साइटला बॅटरीची पातळी कळावी, ही सोयही निरुपद्रवी मानली गेली होती. २०१५ मध्ये संशोधकांनी त्या आकड्यांवरून थोड्या वेळापुरता माग काढता येतो हे दाखवलं, आणि २०१७ मध्ये फायरफॉक्सने ती सोय साइट्ससाठी बंद केली. टोकाला उभ्या असलेल्या माणसासाठीच तर हा रिव्ह्यू असतो. गर्दीत मिसळून जाणाऱ्याला फॉन्टच्या यादीची भीती नाहीच.

माझी सूचना अशी होती, की यादी ब्राउझरनेच माणसाला दाखवावी, त्याने हवा तो फॉन्ट निवडावा आणि साइटला तेवढाच मिळावा. बऱ्याच चर्चेनंतर टीमने ती मान्य केली.

रुंदी मोजण्याचा चोरटा मार्ग मात्र उघडाच आहे. सफारीने २०१८ मध्ये तो बुजवला. त्यात माणसाने मॅकवर स्वतः बसवलेले फॉन्ट साइटला वापरताच येत नाहीत, मॅकसोबत आलेलेच येतात. आपणही तसंच करावं, असं माझं मत होतं आणि आजही आहे. पण निघताना काकांनी मला एका कार्यालयाचं जुनं पान दाखवलं होतं, जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेलं. फॉन्ट असलेल्या कॉम्प्युटरवर ते स्वच्छ मराठीत वाचता येतं. आम्ही तो मार्ग बंद केला, तर काकांच्याही पडद्यावर तिथे इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. अशा पानांसाठी त्या त्या साइटपुरती सूट माणसाला स्वतः देता यावी, असा दुसरा मुद्दा मी त्याच रात्री नोंदवला. त्यावर अजून चर्चा चालू आहे.