बोर्डावरचे बिल्ले

आमच्या सेलिंग क्लबाच्या वार्षिक शर्यतीला मी अकरा वर्षं हजर होते आणि त्यातली जेमतेम चार वर्षं होडीत होते. बाकीची वर्षं झेंड्यांच्या दोऱ्यांपाशी, रेस्क्यू बोटीत, नाहीतर गुडघाभर चिखलात ट्रॉली ढकलत गेली. क्लबाला पगारी माणूस एकही नव्हता. एक शेड, पाण्यात उतरणारा सिमेंटचा उतार आणि पंचवीसेक होड्या, एवढाच संसार. त्यामुळे सभासद झालात की वर्षाला दोन ड्यूट्या आल्याच. एक कुठल्याही रविवारी, दुसरी वार्षिक शर्यतीच्या दिवशी, आणि ही दुसरी चिठ्ठ्या टाकून ठरायची. कोरी चिठ्ठी निघाली तर शर्यतीत उतरायचं. कोऱ्या चिठ्ठीचं आणि माझं फारसं पटलं नाही.

शर्यतीची तारीख कोण ठरवतं, तर भरती. हे नवीन सभासदांना पटायला एक हंगाम जायचा. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. म्हणजे या रविवारी दुपारी बाराला उतारापाशी तुडुंब पाणी असेल, तर पुढच्या रविवारी त्याच वेळेला ओहोटी. 'वारा नाही, शर्यत आठवडाभर पुढे ढकलू' असं कोणी म्हणालं की खजिनदार काकू चष्म्यावरून नुसत्या बघायच्या. ढकलायचीच तर दोन आठवडे ढकला. भरतीचं कोष्टक त्यांच्याकडेच असायचं, आणि चांगल्या रविवारांवर वर्ष सुरू होण्याआधीच लाल पेन्सिलीच्या खुणा झालेल्या असायच्या. पाणी उतरतं तेही एका चालीनं नाही. ओहोटीच्या सहा तासांतले मधले दोन तास म्हणजे जवळजवळ निम्मं पाणी गेलं. पहिल्या तासात 'अजून पुष्कळ आहे' म्हणून बाहेर रेंगाळणाऱ्यांना तिसऱ्या तासाला परतताना चिखल भेटायचा. मग एकेक होडी उचलून आणायला पाच-सहा जण. लेझर जातीच्या होडीचा नुसता सांगाडाच 59 किलोचा. कागदावर हे वजन फार वाटत नाही. चिखलात चप्पल रुतलेली असताना वाटतं.

शर्यतीच्या तीन आठवडे आधी दुरुस्तीचा रविवार. माझ्या मते खरं संमेलन तेच. शर्यतीच्या दिवशी जो तो आपल्या होडीत, आपल्या शिडाकडे बघत. दुरुस्तीच्या दिवशी मात्र सगळे होड्या पालथ्या घालून एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बसलेले. तडा गेलेल्या जागी पॉलिश पेपरनं घासून कडा पातळ करायच्या, पुसून कोरड्या करायच्या, फायबरचं कापड बेतून ठेवायचं आणि मगच रेझिन कालवायचं. हार्डनर शेकड्याला एक-दोन भाग, जास्त नाही. एका वर्षी मी घाईत अंदाजानं ओतला. कापडावर ब्रश टेकवायच्या आत कप कोमट झाला, मग चटका बसण्याइतका गरम. मी तो वाळूत फेकला तेव्हा आतला गोळा दगड झाला होता आणि ब्रश त्यात उभा. तो ब्रश पुढे कितीतरी वर्षं शेडच्या खिडकीत होता. नवीन माणूस रेझिनच्या डब्याला हात लावायला गेला की कोणीतरी खिडकीकडे बोट दाखवायचं.

लहान मुलांकडे त्या दिवशी ऑप्टिमिस्ट सोपवलेल्या असत. क्लार्क मिल्स नावाच्या होडीबांधणाऱ्यानं 1947 साली फ्लोरिडात मुलांसाठी काढलेला हा नमुना, प्लायवूडच्या दोन तक्त्यांतून निघेल असा. म्हणून तिचं नाक चपटं. अडीच मीटरही लांब नसलेलं ते टब पहिल्यांदा बघणारा हसतोच. पण त्यातच बसून आम्ही सगळे वारा ओळखायला शिकलो, आणि तळ कापलेल्या बाटलीनं पाणी उपसायलाही. दुरुस्तीच्या रविवारी मुलांचं काम एकच: प्रत्येक होडीत अशी बाटली दोरीनं बांधलेली आहे ना, ते बघायचं. नसेल तर बांधायची. गाठ बोलाईनच, दुसरी चालणार नाही.

आता झेंड्यांची गोष्ट. ती मी इतक्या वर्षांत फारशी कोणाला सांगितलेली नाही.

शर्यत सुरू होते ती झेंड्यांनी. पाच मिनिटं आधी क्लासचा, म्हणजे शर्यतीतल्या होड्यांच्या गटाचा, झेंडा वर. चार मिनिटांना निळ्यावर पांढरा चौकोन असलेला 'पी'. एक मिनिट उरलं की 'पी' खाली, शून्याला क्लासचा झेंडा खाली, आणि सुटल्या होड्या. प्रत्येक खेपेला भोंगा असतो, पण तो फक्त लक्ष वेधण्यापुरता. वेळ धरायची ती झेंड्यावरून. भोंगा वाजलाच नाही तरी झेंडा हलला म्हणजे हलला. एखादी होडी शून्याच्या आधीच रेषा ओलांडून गेली तर पांढऱ्यावर निळी फुली असलेला 'एक्स' चढतो आणि एक भोंगा होतो. त्या होडीनं मागे यायचं, बाकीच्यांनी जायचं. फारच होड्या पुढे घुसल्या आणि कोण कोण ते कळेना, तर निळा-पिवळा तिकोनी 'फर्स्ट सबस्टिट्यूट' आणि दोन भोंगे: सगळ्यांनीच परत या.

मी तेरा वर्षांची होते. वार्षिक शर्यतीत झेंड्यांची पहिलीच ड्यूटी. रेस ऑफिसर म्हणजे आमचे काका (क्लबातले सगळेच त्यांना काका म्हणत, त्यांच्याच वयाचेसुद्धा) रेषेवर डोळा लावून उभे होते. त्या दिवशी 19 होड्या होत्या. शून्य झालं आणि काका ओरडले, "एक बाहेर! एक्स!" मी दोरी ओढली. चुकीची. झेंडा वर जाऊन फडफडला तेव्हा मला निळ्यासोबत पिवळा दिसला, आणि भोंग्यावरच्या दादानं तो झेंडा बघून सवयीनं दोन भोंगे दिले.

रेषेच्या पार दुसऱ्या टोकाला एका ताईनं इतकी अचूक सुरुवात केली होती की ती सगळ्यांच्या दोन होड्या पुढे होती. तिनं मागे वळून झेंडा पाहिला. शीड सैल सोडलं, तेव्हा त्याचा तो फडफडाट मला कमिटी बोटीवर, म्हणजे जिथून शर्यत चालवतात त्या बोटीवर, ऐकू आला. ती परत आली. एकोणीसच्या एकोणीस परत आल्या, आणि जी एक होडी खरोखर चुकली होती ती सगळ्यांत खुशीत. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "वही काढ. वेळ लिही. झेंडा खाली येईल त्यानंतर एक मिनिटानं पुन्हा पाचची सुरुवात." मी लिहिलं. अक्षर माझं आहे असं वाटत नव्हतं.

दुसऱ्या सुरुवातीत ताई मधल्या गर्दीत अडकली. संध्याकाळी तिला तिसरं बक्षीस मिळालं. बक्षिसं वाटण्याआधी काका उभे राहिले आणि म्हणाले, "पहिली सुरुवात कमिटीच्या चुकीनं रद्द झाली. चूक माझी." आणि बसले. मी शेवटच्या रांगेत होते. पुढच्या रविवारी ताई कमिटी बोटीवर आली. आता ही बोलणार, म्हणून मी तयारीत. तिनं 'एक्स'ची दोरी हातात घेतली, खालच्या टोकाला एक गाठ मारली. दुसऱ्या दोरीला दोन. "एक भोंगा, एक गाठ. दोन भोंगे, दोन गाठी," म्हणाली. "बघायचं नाहीच. बोटांनी शोधायचं." त्या दोऱ्या नंतर दोनदा बदलल्या. नव्या दोऱ्यांना गाठी कोणी मारल्या ते मला माहीत नाही, पण होत्या.

निकालाची वेळ म्हणजे शेडसमोर गोंगाट. सगळ्या जातींच्या होड्या एकत्र धावायच्या, त्यामुळे पहिला आला तो जिंकलाच असं नाही. लागलेली वेळ गुणिले 1000, भागिले त्या होडीचा हँडीकॅप अंक, म्हणजे तिच्या जातीच्या वेगावरून ठरलेला आकडा; होडी जितकी हळू, तितका तो मोठा. अंक 1100 धरला आणि 44 मिनिटं लागली तर हिशेबात 40 मिनिटं. अंक 1600 असेल आणि पूर्ण तास लागला तर साडेसदतीस. म्हणजे सोळा मिनिटं उशिरा आलेलं चपट्या नाकाचं टब वर. काकू हे सगळं हातानं करायच्या, दोनदा करायच्या, आणि त्यांच्याशेजारी उभं राहून घाई करणाऱ्याचा निकाल सगळ्यात शेवटी लावायच्या. कॅल्क्युलेटर जवळच असायचा. 'पडताळ्याला,' असं त्या म्हणत.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो बिल्ल्यांचा बोर्ड. प्लायची फळी, चाळीस-पन्नास खिळे, प्रत्येक खिळ्यावर नंबर ठोकलेला पत्र्याचा बिल्ला. पाण्यावर जाताना आपला बिल्ला काढायचा, लाइफ जॅकेटला लावायचा. परत आलात की खिळ्यावर. रिकामा खिळा म्हणजे कोणीतरी अजून बाहेर आहे.

एका वार्षिक शर्यतीला संध्याकाळी सतरा नंबरचा खिळा रिकामा राहिला. शर्यतीची वाट दाखवणारे तरंगते मार्क उचलून झाले होते, नांगरांच्या दोऱ्या गुंडाळून झाल्या होत्या, सूर्य टेकला होता. कोणीतरी म्हणालं, "त्याची होडी तर शेडमध्ये आहे की." काका म्हणाले, "होडी आहे. माणूस?" बिल्ला होडीचा नसतो. पोरगा पुन्हा पोहायला गेला असेल, दुसऱ्याच्या होडीत बसला असेल, काहीही असेल. घरी फोन लावला तर कोणी उचलेना. रेस्क्यू बोट पुन्हा पाण्यात घातली. मी पुढे, हातात टॉर्च. मागचा दादा किल कॉर्ड, म्हणजे माणूस पडला तर इंजिन बंद करणारी दोरी, पायाला बांधून इंजिन हळू चालवत होता आणि दर थोड्या वेळानं बंद करत होता, हाक ऐकू यावी म्हणून. आम्ही अशा दोन फेऱ्या मारल्या. इंजिन बंद झाल्यावर पाण्याचा बोटीला चापट्या मारल्यासारखा आवाज येतो. एरवी तो मला आवडतो.

पन्नास मिनिटांनी उतारावर शिट्टी वाजली. तो सायकलवरून आला होता. दमून घरी जाऊन झोपला होता, उठल्यावर जॅकेट वाळत घालताना बिल्ला सापडला. चेहरा पांढराफटक. कोणी रागावलं नाही. काकांनी त्याला बोर्डापर्यंत नेलं आणि बाजूला उभे राहिले. त्यानं बिल्ला खिळ्यावर अडकवला. मग काकांनी वहीत शेवटची ओळ लिहिली: 'सर्व किनाऱ्यावर.' आणि दिवे बंद केले.

पुढच्या वर्षी त्याच्या नावाची चिठ्ठी टाकलीच नाही. बोर्डाची ड्यूटी त्यानं स्वतः मागून घेतली आणि पुढे ती त्याच्याचकडे राहिली. काका आता बोटीवर चढत नाहीत, खुर्ची टाकून उतारावर बसतात. गेल्या वर्षी बऱ्याच काळानं मी वार्षिक शर्यतीला गेले होते, पाहुणी म्हणून. तरी दुपारी कोणीतरी रेस्क्यू बोटीत चढवलंच. संध्याकाळी सगळ्यांचा निरोप घेऊन फाटकापर्यंत पोचले, तर मागून हाक आली.

"ताई, बिल्ला!"

बोर्डापाशी तो उभा होता, हात पुढे करून. मी खिशात हात घातला. होता.